गोव्याचे विजरई : यांनी अर्ज केला होता का?

सुट्टीत गोव्याला जाणारी आपली मंडळी जुन्या गोव्यात एक चक्कर मारतातच. बॉम जेझूमध्ये सेंट झेवियर, समोर सी कॅथेड्रल, थोडे फोटो, आणि मग उन्हाने हैराण होऊन शहाळेवाल्याकडे. कॅथेड्रलच्या लगतच सेंट फ्रान्सिसच्या जुन्या मठात पुराणवस्तुसंग्रहालय आहे. तिकडे फारसे कोणी वळत नाही. गेल्या खेपेस आम्ही वळलो, ते खरे सांगायचे तर सावलीसाठी. वर गेलो तर दालनभर पोर्तुगीज अमदानीतल्या विजरई आणि गव्हर्नरांची चित्रे लावलेली. मोठमोठी, उभी, साठाच्या आसपास. दाढी, चिलखत, हातात अधिकाराचा दंड, कोपऱ्यात घराण्याचे चिन्ह. एकापुढे एक पाहता पाहता आमचा धाकटा कंटाळला आणि त्याने इंग्रजीत विचारले, "या सगळ्यांनी अर्ज केला होता का?"

आम्ही हसलो. इकडे वाढलेल्या मुलाला नोकरी म्हटली की अर्ज, शिफारसपत्र आणि मुलाखत एवढेच माहीत. पण हसून झाल्यावर लक्षात आले की उत्तर आम्हालाही ठाऊक नाही. साडेचारशे वर्षे ज्यांनी गोव्यावर आणि दोनशे वर्षे वसईवर राज्य केले, त्या माणसांना तेथे पाठवायचे कोणी आणि कशाच्या जोरावर? परत आल्यावर ग्रंथालयातून पुस्तके आणली, रोज थोडे थोडे वाचले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

प्रथम 'विजरई' या शब्दाविषयी. आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांत हा शब्द असाच येतो. पोर्तुगीज 'विसे-रेइ' म्हणजे राजाच्या जागी बसणारा, त्याचे हे मराठी रूप. सगळेच काही विजरई नव्हते. काही जण नुसते गव्हर्नर होते. काम तेच, फौज तीच, खजिना तोच (बहुधा रिकामा). फरक किताबाचा, आणि किताब माणसाच्या जन्मावर आणि राजाच्या मर्जीवर ठरे. १५०५ मध्ये आलेला पहिला विजरई फ्रान्सिस्को द आल्मेडा हा आब्रांतिशच्या काउंटचा मुलगा. त्याच्या जागी आलेला आफोन्सो द अल्बुकर्क याने १५१० मध्ये गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का घेतला, १५१५ मध्ये होर्मुझवर पकड बसवली. पोर्तुगीजांचे पूर्वेकडचे राज्य उभे केले ते त्याने. पण तो अखेरपर्यंत गव्हर्नरच राहिला. मुळात सूत्रे हाती घ्यायला आला तेव्हा आल्मेडाने ती दिली तर नाहीतच, उलट त्याला कण्णूरच्या किल्ल्यात डांबून ठेवले. लिस्बनहून मोठे आरमार घेऊन मार्शल कुतिन्यु आला तेव्हा कुठे त्याची सुटका झाली. आणि १५१५ च्या डिसेंबरात होर्मुझहून परतताना, आजारी अवस्थेत, त्याला कळले की आपल्या जागी लोपो सोआरिश या आपल्या विरोधकाचीच नेमणूक झाली आहे. गोव्याच्या तोंडाशी जहाजावरच त्याने प्राण सोडला.

तेव्हा कर्तबगारी आणि नेमणूक यांचे नाते पहिल्या दहा वर्षांतच जरा वाकडे होते.

यातला एक भाग अंतराचाही होता. लिस्बनहून गोव्याला यायला सहा महिने आणि तेही वाऱ्याच्या हिशेबाने. राजाला कोण मेला हे कळेपर्यंत वर्ष उलटे. म्हणून एक युक्ती काढली होती. विजरई मेला तर पुढे कोण, हे लिहिलेली मोहरबंद पाकिटे आधीच पाठवून ठेवायची. पहिले पाकीट उघडायचे, त्यातला माणूस हयात नसेल किंवा देशात नसेल तर दुसरे, मग तिसरे. १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी वास्को द गामा कोचीनला वारला तेव्हा अशी पाकिटे उघडली गेली आणि एन्रिके द मेनेझिश गव्हर्नर झाला. तो १५२६ मध्ये गेला. पुन्हा पाकीट उघडले, त्यात नाव पेरो माश्कारेन्यश याचे, आणि तो मलाक्क्याला. पावसाळ्यापुढे त्याला आणणार कसे? तोवर कारभार लोपो वाझ द सांपायो याने पाहावा असे ठरले. झाले! लोपो वाझला खुर्ची सोडवेना. माश्कारेन्यश आपल्या हक्काने परत आला तर कोचीनच्या बंदरात त्याच्यावर हल्ला झाला, बेड्या पडल्या. पंच बसले, निकाल लोपो वाझच्या बाजूने. अखेर १५२९ मध्ये नुनो द कुन्या नवा गव्हर्नर म्हणून आला, त्याने लोपो वाझला कैद करून लिस्बनला पाठवले, आणि तेथे त्याला माश्कारेन्यशला भरपाई देणे भाग पडले. मंडळाच्या अध्यक्षपदावरून आपल्याकडे जे होते ते यापुढे काहीच नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. लिस्बनमध्ये निवड होत होती ती कशी?

पोर्तुगीज भाषेत सरदाराला 'फिदाल्गो' म्हणतात. या शब्दाची फोड गमतीची आहे. 'फिल्यु द आल्गो', म्हणजे 'काहीतरी असलेल्याचा मुलगा'. आपण म्हणतो ना, 'कोणाचा कोण?', तोच प्रकार. मोठ्या जागा फिदाल्गोंसाठीच. पण म्हणून सारे फुकटचे मिळत होते असे समजणे चुकीचे ठरेल. आम्हीही आधी तसेच समजत होतो. त्या काळच्या पोर्तुगालमध्ये योग्यता हा शब्द रोज वापरात होता, कागदावर मोजला जात होता. योग्यता म्हणजे राजाची सेवा. अमुक वेढ्यात होता, तमुक वर्षे मोरोक्कोच्या ठाण्यावर काढली, स्वतःच्या खर्चाने इतकी माणसे नेली, दोन जखमा झाल्या. प्रत्येक गोष्टीचा दाखला वरिष्ठाच्या सहीने घ्यायचा, दाखले जपून ठेवायचे, आणि पुरेसे जमले की राजापुढे ठेवून बक्षीस मागायचे. त्या बक्षिसाला 'मेर्से' म्हणत. मेर्से म्हणजे किताब, निवृत्तिवेतन, धार्मिक लष्करी संघाच्या जमिनींचे उत्पन्न, एखाद्या किल्ल्याची कप्तानी, किंवा गव्हर्नरी.

आणि येथे खरी मेख आहे. ही सेवा वारसाहक्काने जात असे. बापाने लढाई केली आणि बक्षीस घेण्याआधी मेला, तर त्याचे दाखले मुलाच्या नावावर. मुलगा नसेल तर पुतण्याच्या, मुलीच्या. मृत्युपत्रात जसे घर लिहून द्यावे तशी सेवा लिहून देत. म्हणजे योग्यता ही माणसाची नव्हे, घराण्याची ठेव होती. ज्याच्या घरात पाच पिढ्यांची वही तयार होती त्याचा विशीतला मुलगा आणि ज्याची वही आजच उघडली तो तीस वर्षे लढलेला शिपाई, हे दोघे एकाच तराजूत बसले तर पारडे कोठे झुकणार हे सांगायला नको. शिवाय त्यात न्याय झाला असेच सगळ्यांना वाटे! कागद तर समोर होते.

कप्तान्यांचे तर विचारूच नका. एकेका किल्ल्याची कप्तानी तीन वर्षांसाठी, आणि राजाने ती इतक्या जणांना देऊन ठेवलेली की रांगेतल्या पुढच्यांची मुदत संपण्याची वाट पाहण्यात मागच्यांचे आयुष्य जाई. कप्तानी मुलीला हुंड्यात दिली जाई. तिच्याशी लग्न करील तो कप्तान. चौलच्या किंवा दमणच्या किल्ल्याचा रखवालदार अशा रीतीने लग्नमांडवात ठरत असे. पुढे पोर्तुगाल स्पेनच्या राजाखाली असताना, १६१४ च्या सुमारास, पैशाची इतकी ओढ लागली की कप्तान्या आणि हुद्दे सरळ विक्रीला काढले. किमान रांग तरी मोडली.

१६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून सुटला, आणि १६४२ मध्ये राजा चौथा जुआंव याने समुद्रापारच्या मुलखांसाठी एक खास मंडळ नेमले, 'कोन्सेल्यु उल्त्रामारिनु'. आमच्या धाकट्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. लहान गव्हर्नरीच्या जागा रिकाम्या झाल्या की इच्छुक आपापले दाखले मंडळाकडे देत. मंडळ ते वाचून, कोण पहिला, कोण दुसरा, कोण तिसरा असा अभिप्राय राजाकडे पाठवी, राजा समासात आपला निर्णय लिही. म्हणजे अर्ज होते! ब्राझीलमधल्या लहान प्रांतांसाठी, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या ठाण्यांसाठी अर्ज होते, आणि तेथे नुसत्या शिपाईगिरीवर वर चढलेले पुष्कळ सापडतात. स्पेनशी १६६८ पर्यंत लढाई चालली, त्या लढाईतून आलेल्यांची तर रीघ लागली होती. पण गोव्याच्या विजरईच्या जागेला अर्ज नव्हता. तेथे राजा आणि त्याचे अगदी जवळचे सल्लागार नाव ठरवत, आणि त्या माणसाला विनवत. होय, विनवत. कारण सहा महिन्यांचा प्रवास, गोव्याचे ताप, आणि परत येऊ की नाही याची शाश्वती नाही. बडे सरदार मग अटी घालत. जाण्याआधी काउंट करा. काउंट असेल तर मार्क्विस करा. मिळालेले उत्पन्न आणखी एका पिढीला लावून द्या.

शिपाईगिरीवर वर येण्याची सीमा कोठवर होती याचे एक उदाहरण देतो. जुआंव फेर्नांदिश व्हिएरा हा मदैरा बेटावरचा, साध्या घरचा. लहानपणी नशीब काढायला ब्राझीलला गेला. त्याने पेर्नांबुकोत उसाच्या मळ्यांवर पैसा केला आणि १६४५ पासून डचांविरुद्धच्या उठावाचे पुढारीपण केले. १६५४ मध्ये डच रेसिफे सोडून गेले. बक्षीस म्हणून व्हिएरा आधी पाराइबाचा आणि १६५८ ते १६६१ अंगोलाचा गव्हर्नर झाला. ज्याला आजोबा कोण हे कोणी विचारावे अशी सोय नव्हती, तो गव्हर्नर! अंगोलापर्यंत शिडी पोचत होती. गोव्यापर्यंत नाही.

आजोबांचा विषय निघालाच आहे म्हणून. लष्करी संघाचा सन्मान मिळण्यापूर्वी उमेदवाराच्या कुळाची चौकशी होई. ज्यू किंवा मूर रक्त नको हे तर होतेच, पण त्याशिवाय 'यांत्रिक दोष' नावाचा एक दोष होता. आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कोणी हाताने काम करून पोट भरले असेल, चांभार, गवंडी, लहान दुकानदार असेल, तर दोष लागला. राजाला दंड भरला तर पुष्कळदा सुटकाही होई. आपल्याला वाटते जातपात ही आपलीच खास मिरास. तीच मोजमापे घेऊन हे लोक आपल्या किनाऱ्यावर उतरले होते, म्हणूनच कदाचित त्यांना आपली भानगड इतक्या लवकर समजली.

आता त्या दालनातल्या तीन चित्रांकडे येऊ. तिन्हींचा आपल्या इतिहासाशी संबंध आहे, आणि तिघे एकमेकांचे नातलग आहेत.

पहिला फ्रान्सिस्को द ताव्होरा. मोठ्या घराण्यातला धाकटा मुलगा, म्हणजे घरची इस्टेट भावाला. १६६९ मध्ये तेविसाव्या वर्षी त्याला अंगोलाची गव्हर्नरी मिळाली. लोक त्याला 'शहाणे पोर' म्हणत. (व्हिएराला तेथे पोचायला नऊ वर्षांची लढाई लागली होती, हे लक्षात ठेवावे.) तेथे त्याच्या कारकिर्दीत एक मोठा पराभव झाला, एक मोठा किल्ला घेतला. तेथून पुढे १६८१ मध्ये हे पोर विजरई होऊन गोव्यात आले आणि समोर उभे ठाकले संभाजी महाराज. १६८३ मध्ये, गोव्यात असतानाच, त्याला आल्व्होरचा काउंट हा किताब मिळाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा दिला, स्वतः महाराज धावून आले, आणि विजरईला तोफा-सामान टाकून मागे फिरावे लागले. लगेच त्याच महिन्यात मराठ्यांनी रात्रीच्या ओहोटीत गोव्याजवळचे जुवे बेट घेतले. ते परत घ्यायला गेलेला विजरई जखमी होऊन जीव वाचवून परतला. मग त्याने काय करावे? बॉम जेझूमध्ये जाऊन सेंट झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला अधिकाराचा दंड संताच्या हाती ठेवला, की बाबा, आता राज्य तूच सांभाळ. डिसेंबरात मराठे बारदेश आणि साष्टीत शिरले. मोगल शाहजादा शाहआलम कोकणात उतरला म्हणून १६८४ च्या जानेवारीत महाराजांना वळावे लागले. गोव्यात श्रेय झेवियरला मिळाले, आणि नवा गव्हर्नर संताच्या समाधीपाशी जाऊन अधिकाराचा दंड घेतो ही प्रथा पडली.

आता एवढ्या पराक्रमानंतर आल्व्होरच्या काउंटचे काय झाले असेल? तो लिस्बनला परत गेला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस कोन्सेल्यु उल्त्रामारिनुचा अध्यक्ष झाला. म्हणजे इतरांचे दाखले तपासून गव्हर्नर कोणाला करावे हे सांगणाऱ्या टेबलाच्या मध्यभागी तोच! हे वाचून आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर बघत बसलो. मग असेही वाटले की फोंड्याला मार खाल्लेल्या माणसाला निदान गव्हर्नराचे काम किती अवघड असते ते तरी ठाऊक असेल.

दुसरे चित्र पेद्रो मिगेल द आल्मेडा याचे, आसुमारचा काउंट. याची गोष्ट ब्राझीलमधून सुरू होते. १७१७ मध्ये तो साओ पाउलो आणि सोन्याच्या खाणींच्या मुलखाचा गव्हर्नर झाला. त्या प्रवासात एका गावी त्याच्या मेजवानीसाठी मासे पकडायला तीन कोळ्यांना नदीत पाठवले. मासे मिळेनात, जाळ्यात आली मारियेची मोडकी मूर्ती, आणि मग म्हणे मासेच मासे. तीच आज ब्राझीलची कुलस्वामिनी 'आपारेसीदा'. काउंटाची मेजवानी विसरली गेली, मूर्ती राहिली. १७२० मध्ये सोन्यावरच्या कराविरुद्ध व्हिला रिका येथे बंड झाले ते त्याने निर्दयपणे मोडले. पुढाऱ्याची घरे जाळली, एका माणसाला रीतसर खटल्याशिवाय देहान्त दिला. परत गेल्यावर बरीच वर्षे त्याला मोठी जागा मिळाली नाही.

त्याला पुन्हा उभे केले ते चिमाजी अप्पांनी, असे म्हटले तर चुकणार नाही. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. उत्तर कोकणातला सगळा मुलूख, पाठोपाठ चौलही, गेला. लिस्बनला हादरा बसला, तेव्हा दरबारी शोभेचा सरदार नको, लढलेला माणूस हवा असे वाटू लागले. आणि लढलेला सरदार घराण्यातला असला तर उत्तमच. १७४४ मध्ये आसुमारला विजरई केले, जाण्यासाठी मार्क्विसही केले. मराठ्यांकडून वसई परत घेणे त्याला जमले नाही, पण तो सावंतवाडीच्या भोसल्यांवर घसरला. ५ मे १७४६ रोजी त्याने शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला घेतला, मग डिचोली, तेरेखोल, रेडी. आणि राजाने त्याचा किताब बदलून त्याला 'आलोर्नाचा मार्क्विस' केले. आलोर्ना म्हणजे आपले पेडणे तालुक्यातले हळर्ण!

आमच्या येथल्या दुकानात पोर्तुगीज दारूच्या कपाटात 'किंता द आलोर्ना' नावाची बाटली दिसते. ती एके काळी याच घराण्याच्या असलेल्या आल्मेइरीमच्या मळ्यातली. हळर्णच्या गडावर आज गेलात तर पडके बुरूज दिसतील, पण नाव मात्र लिस्बनला जाऊन बाटलीवर बसले आहे. किल्ला काही वर्षांनी भोसल्यांकडे परत गेला आणि १७८८ मध्ये पेडणे महाल कायमचा पोर्तुगीजांकडे आला. किताब मात्र त्या घराण्यात कायम राहिला.

तिसरा फ्रान्सिस्को द आसिस द ताव्होरा, पहिल्या चित्रातल्या आल्व्होरच्या काउंटचा नातू आणि आलोर्नाच्या मुलाचा सासरा. १७५० मध्ये आलोर्नाने त्याच्या हाती कारभार दिला आणि मराठ्यांशी, भोसल्यांशी, सौंधेकरांशी कसे वागावे यावर लांबलचक सूचनाही लिहून दिल्या. म्हणजे व्याह्याने व्याह्याला राज्य दिले! ताव्होराची पत्नी लेओनोर ही स्वतःच्या हक्काने मार्क्विसा, तिच्यामुळेच त्याला किताब. तीही गोव्यात येऊन राहिली. १७५४ मध्ये दोघे परत गेले. मोठ्या सेवेचे मोठे बक्षीस मिळेल, ड्यूक करतील अशी आशा होती. पण आता राजा जुझे पहिला आणि सूत्रे पोंबालच्या हाती. पोंबाल लहान फिदाल्गो, आणि मोठ्या घराण्यांवर त्याचा डोळा. ३ सप्टेंबर १७५८ च्या रात्री राजाच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. आरोप ताव्होरांवर आला. १३ जानेवारी १७५९ रोजी बेलेंच्या मैदानात गोव्याचा माजी विजरई, त्याची पत्नी, दोन मुलगे आणि जावई यांना सर्वांदेखत हाल करून मारले. ताव्होरा हे नाव कोणी लावू नये असा हुकूम झाला, घराण्याची चिन्हे छिन्नीने खरवडून काढली. आलोर्नाच्या मुलाला तुरुंग, सुनेला आणि नातींना मठ. थोरली नात लेओनोर तेव्हा आठ वर्षांची होती, ती १७७७ पर्यंत त्या मठातच वाढली आणि पुढे 'मार्केझा द आलोर्ना' म्हणून पोर्तुगालची नामवंत कवयित्री झाली. हळर्णचे नाव पोर्तुगीज साहित्यात गेले ते असे.

पाच पिढ्यांची वही एका सकाळी जाळता येते, हे पोंबालने दाखवले. त्याच पोंबालने २ एप्रिल १७६१ च्या हुकुमाने जाहीर केले की पूर्वेकडच्या मुलखातल्या ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालात जन्मलेल्यांइतकेच मान आणि हुद्दे मिळावेत. हिंदूंचा त्यात उल्लेख नाही. धर्म न पाहता समान हक्क मिळायला १९१० ची क्रांती व्हावी लागली. दुभाष्या, वकील, मक्तेदार म्हणून कितीतरी हिंदू घराण्यांनी विजरईंचा कारभार पिढ्यान्पिढ्या चालवला, पण ती सेवा मोजायची वही लिस्बनला नव्हती.

ख्रिस्ती गोमंतकीयांनी हुकुमावर विश्वास ठेवला. जुझे आंतोनियु गोन्साल्विश आणि कायतान फ्रान्सिश्कु द कोउतु हे दोन विद्वान गोमंतकीय पाद्री वरच्या जागेच्या आशेने युरोपात गेले. हाती काही न लागता परतले. सैन्यातल्या स्थानिक अधिकाऱ्यांचेही तेच गाऱ्हाणे होते, बढती बाहेरच्याला. १७८७ मध्ये कट उघडकीला आला, कांदोळीच्या पिंटो घराण्यावरून त्याला पिंटोंचे बंड म्हणतात. सत्तेचाळीस जण पकडले, त्यांतल्या पंधरा जणांना १७८८ च्या डिसेंबरात पणजीत देहान्त. पाद्र्यांना फासावर देता येत नव्हते, त्यांना लिस्बनच्या तुरुंगात पाठवले.

आणि आता शेवटचे नाव, बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा. १७७५ मध्ये तिसवाडीतल्या नेवरे गावी जन्मलेला गोमंतकीय. १८२२ मध्ये लिस्बनच्या पहिल्या लोकसभेसाठी गोव्याने निवडून दिलेल्या तिघांपैकी एक. हे पोचतात तो राजाने लोकसभाच मोडीत काढली. १८२८ मध्ये दों मिगेलने गादी बळकावल्यावर उदारमतवादी म्हणून पेरिश द सिल्व्हाला परागंदा व्हावे लागले, त्याने काही वर्षे ब्राझीलमध्ये काढली. १८३४ मध्ये त्याचा पक्ष जिंकला आणि नव्या सरकारने विजरईचे पद काढून 'प्रिफेक्ट' नावाचा अधिकारी नेमला. तो हाच. तीनशेपंचवीस वर्षांत प्रथमच गोव्याचा कारभार गोव्याच्या माणसाकडे. दाखले नव्हते, घराण्याचे चिन्ह नव्हते, लोकांनी निवडून दिल्याचा आणि पक्षासाठी सोसल्याचा तेवढा आधार होता. १४ जानेवारी १८३५ रोजी त्याने सूत्रे घेतली. १ फेब्रुवारीला पलटणीने बंड करून त्याला हाकलले. सतरा दिवस!

त्याला काढणाऱ्यांत लिस्बनचे बडे सरदार नव्हते. गोव्यातच पिढ्यान्पिढ्या राहिलेली पोर्तुगीज वंशाची घराणी आणि त्यांच्या हाताखालची फौज होती. ताव्होरा किंवा आलोर्नासारख्या घराण्यांच्या मानाने ती अगदी मामुली माणसे. पण नेवरेकराने आपल्यावर हुकूम चालवावा हे त्यांना सहन झाले नाही. त्याच्या बाजूने उठलेल्या पलटणीची मे महिन्यात गास्पार दियशच्या किल्ल्यात कत्तल झाली. पेरिश द सिल्व्हा मुंबईला आला. तेथल्या गोमंतकीय व्यापाऱ्यांच्या पैशाने जहाजे सज्ज करून तो गोव्याला निघाला, पण मेअखेरच्या वादळाने ती मागे फिरवली. दमण आणि दीव त्याच्याशी एकनिष्ठ राहिले, म्हणून तो दमणला गेला आणि १८३७ पर्यंत तेथूनच प्रिफेक्ट म्हणून कारभार पाहत राहिला. नंतर लिस्बनला गेला, पुन्हा लोकसभेत बसला, आणि १८४४ मध्ये तेथेच वारला. १९६१ पर्यंत दुसऱ्या कोणा गोमंतकीयाची त्या जागेवर कायम नेमणूक झाली नाही.

धाकट्याला आम्ही एवढेच सांगितले की लहान जागांसाठी अर्ज होते, मोठ्या जागेसाठी नव्हते. तो म्हणाला, "मग ती चित्रे कोणी काढली?" दालनाची सुरुवात जुआंव द कास्त्रो या गव्हर्नराने १५४७ मध्ये केली. आधीच्या गव्हर्नरांना स्वतः पाहिलेला गास्पार कोर्रेया चेहरे सांगे आणि रेखाटी, आणि रंग भरले ते येथल्याच एका चित्रकाराने. त्याचे नाव कोर्रेयाने लिहून ठेवलेले नाही.